शून्य आलं त्या वर्षीची येळवस

पुण्यात येळवस कुणाला ठाऊक नाही. कॅलेंडरच्या त्या चौकोनात बारीक अक्षरात 'वेळा अमावास्या' छापलेलं असतं, पण शेजारच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणतात, "अय्या, आज अमावास्या का? मग नवी गाडी उद्याच आणू." लातूर-उदगीरकडं आणि कर्नाटकाची सीमा ओलांडून आमच्या औराद-भालकीकडं मात्र त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात. दुकानांना कुलूप, शाळेला कुलूप, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळे शेतात. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतात बोलावणं असतं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारमारून जेवायला बसवतात. मार्गशीर्ष संपत आला की मंडईत मला तुरीच्या ओल्या शेंगा दिसतात, हरभऱ्याच्या जुड्या दिसतात, आणि कारण नसताना मी दोन्ही घेऊन येते.

येळवशीची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. त्या हंगामात शेतात जे जे हिरवं आहे ते सगळं, तूर, वाल, हरभरा, मेथी, पातीचा कांदा, एका पातेल्यात डाळीच्या पिठात शिजवायचं. सोबत बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. आंबील आधीच घालून ठेवावी लागते. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं, मडक्याच्या तोंडाला फडकं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी ती स्टीलच्या डब्यात घालते. ती आंबत नाही, नुसती रुसून बसते. तरी डब्याचं झाकण उघडलं की जो काही वास येतो तो मला पुरतो.

येळवशी मी पुष्कळ पाहिल्या. लहानपणीच्या सगळ्या एकमेकींत मिसळून गेल्यात. कुठल्या वर्षी झोका बांधला, कुठल्या वर्षी माझ्या परकराला गोखरू चिकटले, काही सांगता येत नाही. वेगळी उभी आहे ती एकच. दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. गावातली निम्मी तरणी पोरं पुण्याच्या कंपन्यांत नाही तर हैदराबादच्या बांधकामांवर गेलेली होती. आणि मी कोलकात्याहून हात हलवत घरी आले होते.

मी तिथं पीएच.डी. करत होते. विषय सांगितला की लोक गप्प होतात, म्हणून मी तो सांगायची माझी अशी एक पद्धत बसवली आहे. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत सोन्याच्या अणूंची केंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं समोरासमोर आणून आपटत असत. तिथली माहिती आम्हाला कोलकात्यात बसून चाळायला मिळे. त्या वेगाला केंद्रक आपल्याला गोल दिसत नाही, थापलेल्या भाकरीसारखं चपटं दिसतं. अशा दोन भाकरी समोरून आल्या आणि नेमक्या एकमेकींवर न आदळता बाजूनं, अर्ध्यामुर्ध्या घासून गेल्या, तर जो भाग घासला जातो तो तिथंच सापडतो, वितळतो आणि गरकन फिरायला लागतो. सूर्याच्या पोटातसुद्धा नाही इतका तापलेला एक थेंब, आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी तो विझूनही जातो. ज्यांना धक्का बसला नाही ते दोन्हीकडचे तुकडे आपापल्या वाटेनं पुढं निघून जातात. आमच्या धंद्यात त्यांना 'प्रेक्षक' म्हणतात. गंमत अशी की थेंब कोणत्या दिशेनं फिरला हे थेंबाकडं बघून नीट कळत नाही, निघून गेलेले कुठल्या अंगाला सरकले ते बघून कळतं. गावांचंही बहुतेक तसंच असावं.

आता खरा प्रश्न. त्या थेंबातून जे कण बाहेर उडतात त्यांतल्या बऱ्याच जणांना स्वतःची अशी एक गिरकी असते. स्पिन. थेंब एका दिशेनं फिरत असेल, तर त्याच्या पोटातून निघालेल्या कणांच्या गिरक्याही त्याच अंगाला कलतात का? याला म्हणतात स्पिनचं ध्रुवीकरण. (ध्रुवीकरण म्हटलं की माझ्या माहेरचे लोक लगेच निवडणुकीवर बोलायला लागतात, म्हणून हा शब्द मी तिथं वापरत नाही.) कणाची गिरकी थेट दिसत नाही. पण लॅम्डा नावाचा एक कण आहे. तो बोटभर अंतर जातो आणि मोडतो. मोडताना त्यातून एक प्रोटॉन उडतो, आणि तो शक्यतो त्या लॅम्डाच्या गिरकीच्या अंगाला उडतो. एकावरून काहीच ठरत नाही. असे लाखो गोळा करायचे, प्रोटॉन इकडं किती गेले आणि तिकडं किती याची बेरीज मांडायची, आणि पारडं जरासं तरी कललंय का ते बघायचं.

माझं पारडं कललं नाही.

चार वर्षं मी ते पारडं बघत होते. चाळणी बदलली, चुका शोधल्या, सापडलेल्या सुधारल्या, पुन्हा बेरीज केली. उत्तर शून्य. म्हणजे अगदी शून्यच असंही नाही. शून्याच्या अल्याड-पल्याड आमच्या मोजमापाला जेवढं अंधुक दिसत होतं, त्या अंधुकात उत्तर कुठंतरी बुडालेलं. माझे बंगाली सर शांत माणूस. ते म्हणाले, "याहून मोठं काही असतं तर तुला दिसलं असतं, एवढं तर तू खात्रीनं सांगू शकतेस. तेच लिहून काढ." मला ते समजूत घातल्यासारखं वाटलं. शर्यतीत मागं राहिलेल्या पोराच्या हातावर पेढा ठेवतात ना, तसं. त्याच सुमारास हैदराबादच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या मैत्रिणीनं माझ्यासाठी शब्द टाकला. नोकरी जवळजवळ पक्की होती. सोमवारपर्यंत हो म्हणायचं आणि प्रबंध होता तिथं सोडून द्यायचा. हो म्हणायचं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. फक्त ते घरच्यांना कसं सांगायचं, यावर घोडं अडलं होतं.

अडायचं कारण आमच्या घरात होतं. आमच्या घराला 'काही निघालं नाही' या तीन शब्दांची धास्ती होती.

अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांना अण्णा म्हणणारे त्यांचे धाकटे भाऊ तात्या. दोघांचं शेत एक, बैल एक, चूल एक. आमचे आजे-पणजे मेंढरं राखणारे. जमीन नंतर आली. त्यामुळं जमिनीचं अप्रूप जरा जास्तच. मी गुलबर्ग्याला एम.एस्सी.ला होते तेव्हा दोघांनी शेतात बोअर घ्यायचं ठरवलं. अप्पा म्हणत चिंचेपाशी, तात्या म्हणत नाल्याच्या वरच्या अंगाला. दोघांनी आपापला पाणी बघणारा आणला. त्या दोघा जाणत्यांचंही पटलं नाही. शेवटी थोरल्याचं ऐकायचं म्हणून बोअरची गाडी चिंचेपाशी लागली. ती दिवसभर घरघरली. वर येत राहिला तो नुसता पांढरा फुफाटा. संध्याकाळी गाडीवाला पाइप काढत म्हणाला, "कायच न्हाई निघालं, मालक." तात्या त्या रात्री जेवले नाहीत. पुढच्या पाडव्याला वाटणी झाली, मधोमध बांध पडला, आणि भावांचं बोलणं बंद झालं. जमिनीत पाणी नव्हतं एवढंच झालं होतं. पण आमच्या घरात त्या दिवसापासून ते कुणाची तरी चूक असल्यासारखं वावरत राहिलं.

हे मला लागायचं दुसरंही कारण होतं. मला गुलबर्ग्याला नेऊन सोडलं ते तात्यांनी. ट्रंक त्यांच्या डोक्यावर, मी मागं. होस्टेलच्या दारात त्यांनी खिशातून भोवरा काढून माझ्या हातावर ठेवला होता. "तिकडं करमलं न्हाई तर फिरव," म्हणाले. एम.एस्सी.च्या मुलीला भोवरा! मी लाजेनं ट्रंकेच्या तळाशी टाकला. अप्पांच्या बाजूची म्हणून वाटणीनंतर मीही तात्यांशी बोलायचं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. तशी रीतच असते.

त्या वर्षी कोलकात्याहून रेल्वेनं हैदराबादला आले आणि तिथून एस.टी.नं बीदरला उतरले. बीदरवर नेहमीप्रमाणं हवाई दलाच्या शिकाऊ पोरांची विमानं घिरट्या घालत होती. तिथून औरादची जीप. जीपमध्ये माझ्या एका अंगाला तेलुगू बोलणारी म्हातारी, दुसऱ्या अंगाला कन्नड बोलणारा मास्तर, समोर दख्खनीत भाव सांगणारा शेळ्यांचा व्यापारी, आणि चौघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. कोलकात्यात मी इतकी वर्षं फक्त इंग्रजीत विचार करत होते. त्या जीपमध्ये बसल्या बसल्या माझा जबडा सैल पडला. काळ्या रानात ज्वारी छातीला लागत होती, मध्ये करडईचे पट्टे, बांधाबांधानं तूर. हरलेल्या माणसाला बघायला इतकं सुंदर काही मिळू नये, असं वाटण्याइतकं ते सुंदर होतं.

घरात पाऊल टाकलं तर आईनं विचारलं, "जेवलीस का?" अप्पांनी विचारलं, "किती दिस हायेस?" अभ्यासाचं कुणी विचारलं नाही. मला वाटलं, यांना माझ्या तोंडावरूनच कळलंय.

येळवशीला शेतात कडब्याची कोप करतात. कोप म्हणजे छोटी खोपी, आत दगडाचे पाच पांडव चुन्यानं रंगवून मांडलेले. पूजा झाली की घरातला कर्ता घोंगडं डोक्यावर घेतो, हातात आंबिलीचं मडकं धरतो, आणि शेताच्या कडेकडेनं पिकावर आंबील शिंपडत हाळी देत निघतो. "ओलगे, ओलगे!" मागून चालणाऱ्यानं उरलेली ओळ म्हणून त्याला साथ द्यायची. शब्द ना धड मराठी, ना धड कन्नड. अर्थ विचारावा तर दहा जण दहा सांगतात. नियम मात्र सगळ्यांचे एकच. शेत उजव्या हाताला ठेवून फेरी घालायची. फेरी मोडायची नाही. आणि एकदा निघाल्यावर काहीही झालं तरी मागं फिरायचं नाही.

वाटणीआधी हाळी तात्यांची असे. गळा असा की पलीकडच्या शिवारातली माणसं उत्तर देत. अप्पा शिंपडत, आम्ही पोरं मागून ओरडत जात असू. वाटणीनंतर फेऱ्या दोन झाल्या, आणि इथं एक पेच पडला जो कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. दोन्ही शेतं शेजारी, दोघंही आपापलं शेत उजव्या हाताला ठेवून निघणार, म्हणजे मधल्या सामाईक बांधावर दोघं समोरासमोर येणार. एक उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून. आणि मागं तर फिरायचं नाही. यावर भावांनी न बोलता तोडगा काढला होता. थोरला म्हणून अप्पा आधी फेरी घालत. तात्या आपल्या कोपेत बिडी ओढत बसत आणि अप्पांची हाळी विरली की मगच उठत. भांडणाचीसुद्धा इतकी शिस्त असते हे मी त्या दोघांकडून शिकले.

त्या वर्षी माझ्या भावाला पुण्याच्या कंपनीनं सुट्टी दिली नव्हती. तात्यांचा बालाजी हैदराबादला, तोही आला नव्हता. आई म्हणाली, "नंदे, अप्पाच्या मागं तूच जा. एकट्यानं हाळी दिऊ न्हाई." मी ओढणी खोचली आणि निघाले. अप्पांना खोकला होता. त्यांची हाळी दोन काकऱ्यांपलीकडं जात नव्हती. मी उत्तर देत होते, तेही ओठातल्या ओठात, कारण माझं लक्ष नव्हतं. सोमवारी फोनवर हो म्हणायचं आणि मग आज संध्याकाळी घरी काय सांगायचं, याची मी मनात वाक्यं जुळवत होते. नोकरी चांगली आहे, आई. हैदराबाद जवळ आहे, आई. दर महिन्याला येता येईल, आई. एकेक वाक्य खरं होतं.

आम्ही सामाईक बांधाला वळलो. दोन्ही बाजूंनी तूर माणसाच्या डोक्याला लागलेली, समोरचं काही दिसत नव्हतं. आणि तेवढ्यात पुढून, तुरीच्या पलीकडून, हाळी आली. खणखणीत. लहानपणी ऐकलेली, तीच.

मी तोंड उघडलं आणि मोठ्यानं उत्तर दिलं.

विचार करून दिलं नाही. ती हाळी आली की उत्तर द्यायचं, हे माझ्या गळ्याला ठाऊक होतं, डोक्याला विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्याच्या शेताच्या हाळीला कुणी उत्तर देत नाही. दिलं तर आपली आंबील त्या दुसऱ्याच्या पिकाची होते म्हणतात. अप्पांचा हात मडक्यात तसाच राहिला. पलीकडची पावलं थांबली, आणि मग हळूहळू पुढं आली. तुरीतून तात्या बाहेर आले. डोक्यावर घोंगडं, हातात मडकं, मागं कुणी नाही. अप्पांची हाळी कानावर न पडल्यानं त्यांना वाटलं होतं, आमची फेरी कधीच आटोपली.

कुणालाच मागं फिरता येत नव्हतं. बांध दीड माणूस जाईल एवढा. तात्या अप्पांकडं बघेनात, अप्पा तात्यांकडं बघेनात. तात्या माझ्याकडं बघत म्हणाले, "कवा आलीस गं?"

"परवा, तात्या."

"वाळलीस की. नुसता भातच खायलीस का काय तिकडं?"

मला हसू आलं.

"आन् त्या सोन्याचं काय झालं? बालाजी सांगायला व्हता, तू कायतरी हुडकायलीस म्हून."

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझी खबर ठेवून होता. थाप मारता आली असती. काम चालू आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण येळवशीच्या फेरीत, हातात आंबील असलेल्या दोन माणसांमध्ये उभं राहून थाप मारवेना.

"न्हाई तात्या," मी म्हणाले. "चार वर्षं बघितलं. कायच न्हाई निघालं."

शब्द बाहेर पडले आणि मग ध्यानात आलं की मी ते कुणापुढं बोलले. नेमके तेच शब्द, त्याच दोघांपुढं, त्याच शेतात. अप्पा मडक्यातल्या आंबिलीकडं बघत राहिले. तात्यांनी तुरीची एक शेंग तोडली आणि बोटांत धरून ठेवली. आता हे दोघं माझ्यावरून भांडणार, असं मला वाटलं.

"किती खोल गेलतीस?" तात्यांनी विचारलं.

टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. टोमणा नव्हता. "जाता येत व्हतं तितकं," मी म्हणाले.

"मग तितक्यात न्हाई म्हून सांगून टाक लोकास्नी. आमी न्हाई सांगितलं. चिंचंच्या पल्याड शेजाऱ्यानंबी बोअरची गाडी आणली. तीबी कोरडीच गेली. आमी बोललो असतो तर वाचला असता बिचारा. पर आमचं एकमेकांतच त्वांड बंद, लोकास्नी काय सांगावं?"

अप्पांनी मान वर केली. ते मला म्हणाले, "नंदे, न्हाई निघालं म्हून कुणी परकं व्हत न्हाई."

नाव माझं घेतलं, पण बघत होते ते तात्यांकडं. तात्यांनी शेंग टाकून दिली.

"हे आत्ता सांगायलास व्हय, अण्णा? इतकी वर्सं कामून न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलं न्हाईस."

"म्या इचारायचं? थोरला तू!"

"म्हून तर वाट बघायलो व्हतो," अप्पा म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. तात्यांनी आपलं मडकं माझ्या हातात दिलं आणि त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. "खोकला बघ किती झालाय. औषध घ्यायचं न्हाई, हाळी मातूर द्यायची," असं काहीतरी पुटपुटत होते. माझ्या हातात तात्यांच्या शेताची आंबील, समोर अप्पांच्या शेताची. मी रडत होते की हसत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

मग प्रश्न पडला, पुढं जायचं कसं. दोघांनाही फेरी पुरी करायची होती आणि बांध तर एवढासा. तात्यांनी अप्पांचा दंड धरला, अप्पांनी तात्यांचा, आणि एकमेकांना धरून ते जागच्या जागी वळत एकमेकांना पार करून गेले. उत्तरेचा दक्षिणेला, दक्षिणेचा उत्तरेला. वळताना दोघांनाही अर्धी गिरकी बसली. एकाचं घोंगडं दुसऱ्याच्या खांद्यावर लागलं. मी त्या जागी खिळून उभी राहिले. चार वर्षं मी कागदावर हेच लिहीत होते, की शेजारून उलट दिशांना जाणारे दोन प्रवाह एकमेकांना घासतात तेव्हा मधल्याला फिरकी मिळते. मला वाटायचं माणसांच्या घासण्यातून नुसती आग निघते.

उरलेली फेरी आम्ही पुरी केली. आता पलीकडून तात्यांची हाळी येई आणि अलीकडून अप्पांची. मी दोघांनाही उत्तर देत राहिले. तशी रीत नाही. दुपारी काकू खिरीचं पातेलं घेऊन बांध ओलांडून आली आणि जणू काल येऊन गेली होती अशी आईशी मिठाबद्दल बोलायला लागली. वाटणी मोडली नाही. बांध आजही तिथंच आहे. दोन्ही घरांच्या चुली वेगळ्याच राहिल्या. फक्त पुढच्या येळवशीपासून कुणी कुणाची हाळी विरायची वाट पाहिली नाही.

त्या दुपारचं ऊन मला आठवतं. बाजरीचे उंडे, हाताला चिकटलेली भज्जी, द्रोणातली आंबील, अंगावर आलेली सुस्ती. तात्या मला विचारत होते, हे सोन्याचे अणू आपटून परत सोनं हाती लागतं का? मी नाही म्हटलं. "मग लईच नुकसान," म्हणाले आणि आडवे झाले. स्पिन काय, लॅम्डा काय, त्यांना काही कळलं नाही. कळावं असं मला वाटलंही नाही. त्यांनी मला काही शिकवलं नव्हतं. बंगाली सर जे म्हणाले होते त्याहून वेगळं तर काहीच सांगितलं नव्हतं. पण सरांचं बोलणं मला समजूत वाटलं होतं, आणि तेच बोलणं ज्या दोघांनी त्याची किंमत मोजली होती त्यांच्या तोंडून आलं तेव्हा ते खरं वाटलं.

सोमवारी मी हैदराबादला फोन करून नाही म्हणाले. मैत्रीण चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं. परत जाऊन मी प्रबंध लिहिला. त्याचा शेवट असा होता, की आम्ही इथवर पाहिलं, ध्रुवीकरण दिसलं नाही, आणि ते असलंच तर यापेक्षा लहान आहे. हे वाक्य मी ताठ मानेनं लिहिलं. ज्यांनी मला मान ताठ ठेवू दिली त्यांची नावं पहिल्या पानावर आहेत. परीक्षकांना वाटलं असेल, हे कोणी मोठे शास्त्रज्ञ असावेत.

आज मी जे काही आहे, जो वर्ग शिकवते, ज्या पोरांना 'शून्य आलं तर घाबरू नका, कुठवर पाहिलंत ते सांगा' असं म्हणते, ते त्या दीड माणूस रुंदीच्या बांधाचं देणं आहे. मी कृतज्ञ आहे. नुसती अप्पा-तात्यांची नव्हे. अप्पांच्या खोकल्याची, सुट्टी न देणाऱ्या पुण्याच्या त्या कंपनीची, डोक्याइतक्या वाढलेल्या तुरीची. यांतलं एकही नसतं तर ते दोघं त्याही वर्षी एकमेकांना चुकवून गेले असते आणि मी हैदराबादला.

पुढं बरीच वर्षं गेली. आणि ती गिरकी सापडली. मला नाही, त्याच प्रयोगशाळेतल्या आमच्या नंतरच्या लोकांना. आधी कमी वेगाच्या टकरींत, जिथं ती जरा मोठी असते. मग आमच्या वेगालाही, आम्ही चाळल्या त्याच्या कितीतरी पट टकरी चाळल्यावर. पारडं कलतं. अगदी जरासं, पण कलतं. थेंब फिरतो तिकडं कणही झुकतात. त्यांच्या लेखात सुरुवातीलाच एक ओळ होती की याआधी इथवर शोध घेतला गेला होता. ती ओळ आमच्याबद्दलची होती. संध्याकाळी गावी फोन लावला.

अप्पा आता ऐंशीच्या घरात. त्यांना सगळं मोठ्यानं सांगावं लागतं. सांगितलं. ते काळजीनं म्हणाले, "मंजी तू न्हाई म्हणलीस ते खोटं ठरलं का गं?"

"न्हाई अप्पा. मी म्हणले व्हते, तेवढ्या खोलीपर्यंत न्हाई. ते अजून खरंच हाय. त्यांना लागलं ते त्याच्या खाली."

फोनवर खुसुरफुसुर ऐकू आली. तात्या तिथंच शेजारी बसले होते, आणि अप्पा त्यांना माझं बोलणं सांगत होते. मग तात्यांचा तो गळा, वयानं चिरकलेला, पण शिवारभर जाईल असा, फोनच्या पार पलीकडून आला.

"आरं, मंजी पोरीच्याच बोअरला पाणी लागलं की, अण्णा! तू चिंचंपाशी जागा दावलीस तशीच हिनंबी बरोबर दावली व्हती. दोघांचंबी जरा खाली व्हतं, एवढंच."

यावर अप्पा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. फोन त्यांच्या हातातून खाली गेला होता, आणि दोघं म्हातारे एकमेकांना काहीतरी सांगत होते.